आयर्नच्या गोळ्या महिनाभर बंद होत्या, बाळावर परिणाम होईल का?

घाबरट_ससा

नमस्कार सगळ्यांना, इतके महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही घाबरून, तेव्हा काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. मला एकोणतिसावा आठवडा चालू आहे, दुसरी खेप, मोठी लेक अडीच वर्षांची. तिसऱ्या महिन्यात एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ११.६ होतं, परवा केलं तर ९.८ आलंय. झालं असं की आयर्नची गोळी सुरू केल्यापासून पोटाचं पार वाट्टोळं झालं, चार-चार दिवस साफ होत नाही आणि झालंच तर डोळ्यांतून पाणी, वर सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव आणि मळमळ. मग एक दिवस चुकवली, बरं वाटलं, मग दोन दिवस चुकवली, आणि असं करत करत महिनाभर बंदच झाली. पाकीट तसंच फ्रिजवर पडून.

आता खरी लाजेची गोष्ट. डॉक्टरांनी विचारलं गोळ्या चालू आहेत ना, तर मी पटकन हो म्हणून मोकळी झाले. का म्हणाले देव जाणे, ओरडतील असं वाटलं, बाहेर रांग होती, नवरा शेजारी बसला होता, त्यालाही सांगितलेलं नव्हतं. तर त्या म्हणाल्या की मग गोळी लागू पडत नाहीये असं दिसतंय, शिरेतून आयर्न द्यायचं का ते बघू, आणि अजून दोन-तीन तपासण्या लिहून दिल्यात. तेव्हापासून झोप नाही.

मला विचारायचंय की या महिनाभरात बाळाचं काही नुकसान झालं असेल का? आता रोज दोन-दोन गोळ्या घेऊन राहिलेलं भरून काढता येईल का? सकाळी चहाबरोबर आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही एकदम घ्यायचे मी, लक्षात राहावं म्हणून, ते बरोबर होतं का? आणि सासूबाई म्हणतात या गोळ्यांनी बाळ काळं होतं आणि फार मोठं होतं म्हणून बंद केल्यास ते बरंच केलंस, यात काही तथ्य आहे का? प्लीज कुणी रागावू नका, मी स्वतःवर आधीच पुरेशी रागावलेय.

---

रातराणी

अगं ससुल्या, आधी पाणी पी आणि बस. इथे रागावणारं कुणी नाही, माझ्या ओळखीत तरी अशी बाई नाही जिने ही गोळी एकदाही कचऱ्यात टाकली नाही. मी स्वतः पहिल्या वेळी तीन आठवडे कुंडीत पुरत होते, झाडाचं काय झालं विचारू नकोस.

माझा अनुभव सांगते, सल्ला म्हणून नको घेऊस. माझं बाळ अगदी व्यवस्थित झालं, वजन छान, रंग गुलाबी, रक्त तपासलं तर एकदम मस्त. आणि माझं? डिलिव्हरीत थोडं जास्त रक्त गेलं आणि एचबी ८ वर आलं. मग पुढचे दोन महिने मी उठून बाथरूमपर्यंत गेले तरी धाप, बाळाला पाजताना डोळे मिटायचे, उगाच रडू यायचं, सगळे म्हणायचे नवीन आई आहे असं होतंच. कुणाच्याही लक्षात आलं नाही की हे रक्त कमी असल्यामुळे पण असू शकतं. म्हणून तुला सांगते, बाळाची काळजी करतेयस ते ठीक, पण या गोष्टीत पहिली लुटली जाते ती आई. डिलिव्हरीच्या टेबलावर जाताना खिशात काहीतरी शिल्लक पाहिजे गं.

पोटाचं म्हणशील तर मला गोळी बदलून दिल्यावर फरक पडला, दुसऱ्या प्रकारचं आयर्न आणि कमी ताकदीचं, आणि मी रात्री झोपताना घ्यायला लागले, म्हणजे मळमळ झोपेत निघून जायची. पाणी भरपूर, आणि शी मऊ होण्यासाठी डॉक्टरांनी एक सिरप दिलं होतं जे प्रेग्नन्सीत चालतं. मागितलं म्हणून मिळालं हां, न मागता कुणी विचारत नाही.

आणि सासूबाईंना सांग, रंग जीन्सवरून ठरतो, गोळीच्या रंगावरून नाही. काळी होते ती फक्त शी, तीही आपली.

---

औषधवाला_दादा

मी बारा वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा आहे, त्यामुळे गोळीपुरतं बोलतो, बाळाबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत.

ताई, दोन-दोन गोळ्यांचं आधी डोक्यातून काढा. आयर्नची मोठी मात्रा पोटात गेली की लिव्हर हेपसिडिन नावाचं एक हार्मोन सोडतं, ते आतड्यातला आयर्नचा दरवाजा साधारण दिवसभर अर्धवट लावून ठेवतं. म्हणजे दुसऱ्या गोळीतलं फारच थोडं आत जाणार आणि उरलेलं सगळं आतड्यात बसून तुम्हाला छळणार, जे आधीच छळतंय. राहिलेलं भरून निघतं ते आठवड्यांनी, एका रात्रीत नाही.

दुसरं, पाकिटावरचा मोठा आकडा वाचू नका, 'एलिमेंटल आयर्न' किती ते वाचा. फेरस सल्फेटची ३०० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे खरं लोह साधारण ६० मिलिग्रॅम. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाचा एक तृतीयांश भाग लोह असतो, म्हणून १८० मिलिग्रॅममध्येच ते ६० भरतं. ग्लुकोनेटमध्ये सगळ्यात कमी, १२ टक्क्यांच्या आसपास. लोक येऊन म्हणतात मला ३०० वाली दिली होती तुम्ही १८० वाली कशी देता, फसवताय का, आणि मग मी हे सगळं प्रत्येकाला समजावत बसतो. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच गरोदर बायकांसाठी रोज ३० ते ६० मिलिग्रॅम खरं लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सांगते. ॲनिमिया निघाला तर मात्रा वाढवतात, पण ती डॉक्टर ठरवणार. त्रास बराचसा मात्रेवर असतो, त्यामुळे घेववत नाही म्हणून बंद करण्यापेक्षा कमी मात्रेची घेतलेली केव्हाही बरी, तेवढं एक वाक्य डॉक्टरांशी बोला.

आता चहा आणि कॅल्शियम. इथेच तुमचं बरंच आयर्न वाया गेलं असेल. चहा-कॉफीतले टॅनिनसारखे पदार्थ लोहाला बांधून ठेवतात, कॅल्शियम त्याचं शोषण कमी करतं, दूध आणि ॲसिडिटीच्या गोळ्याही त्यातच आल्या. आयर्न एका वेळी, कॅल्शियम दुसऱ्या वेळी, मध्ये दोन तास तरी. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि आयर्न यांच्यात चार तास ठेवा, याचा फटका खूप बायकांना बसतो आणि मग थायरॉइडची मात्रा उगाच वाढवत जातात. व्हिटॅमिन सी असलेलं आंबट काही गोळीबरोबर घेतलं तर थोडी मदत होते, पण त्याने चमत्कार होत नाही.

उपाशीपोटी घेतलं तर जास्त शोषलं जातं हे खरं, पण उपाशीपोटी घेऊन ओकण्यापेक्षा थोडं खाऊन घेतलेली गोळी लाखपटीने चांगली.

---

स्पष्टवक्ती

मी जरा वेगळं बोलणार, दगड मारू नका. आपल्या आज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या होत्या? दहा-दहा मुलं झाली, सगळी धडधाकट. बाळ आईच्या अंगातून त्याला हवं ते ओढून घेतं हा निसर्ग आहे. आणि गरोदरपणात एचबी कमी होणं नॉर्मल असतं, रक्त पातळ होतं म्हणून, हे मी स्वतः वाचलंय. कंपन्यांना गोळ्या खपवायच्या असतात. ९.८ काही इतकं वाईट नाहीये, व्यवस्थित जेव आणि आनंदात राहा.

---

निळा_ॲप्रन

स्पष्टवक्ती ताई, दगड नाही मारत, पण उत्तर देते, कारण यातलं अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं जास्त घोळ घालतं. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे, नाइट संपवून लिहितेय, त्यामुळे वाक्यं लांबली तर माफ करा.

दहा-दहा मुलं झाली म्हणता, किती जगली आणि किती आज्या बाळंतपणात गेल्या हे कुणी सांगत नाही, कारण सांगायला त्या नाहीत.

रक्त पातळ होतं हे खरंच आहे. गरोदरपणात रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, ४०-५० टक्के वाढतं आणि लाल पेशी त्यामानाने कमी वाढतात, म्हणून आकडा खाली येतो. पण हे धरूनच मर्यादा ठरवल्यात ना, पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ आणि मधल्या तिमाहीत १०.५. तेव्हा एकोणतिसाव्या आठवड्यात ९.८ म्हणजे पातळपणा हिशेबात धरूनसुद्धा कमी आहे.

आता बाळ ओढून घेतं ते. हो, घेतं. वारेवर, म्हणजे प्लासेंटावर, लोह पकडणारे रिसेप्टर असतात आणि आईकडे कमी असलं तर ते वाढतात, म्हणून तर रातराणीचं बाळ गुलाबी आणि ती स्वतः आठवर. पण या ओढण्याला मर्यादा आहे, आईची विहीरच कोरडी असेल तर बाळाच्या घागरीतही कमीच येणार. आणि ससा, तुझ्यासाठी महत्त्वाचं हे की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ७५ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे तीन किलोच्या बाळात सव्वादोनशेच्या आसपास, आणि त्यातला मोठा हिस्सा शेवटच्या तीन महिन्यांत भरला जातो. म्हणजे तुझी गाडी निघून गेलेली नाही, ती आत्ता फलाटावर लागतेय. म्हणूनच लवकर जन्मलेली बाळं आमच्याकडे येतात ती लोहाच्या बाबतीत रिकाम्या खिशानेच येतात, त्यांच्या आईने सगळ्या गोळ्या नीट घेतल्या असल्या तरी, कारण भरायला वेळच मिळालेला नसतो.

दुसरी गोष्ट जी आईवडिलांना पटवताना मला सगळ्यात जड जातं. जन्मल्या बाळाचं एचबी चांगलं म्हणजे त्याचा साठा भरलेला आहे असं नाही. शरीर लोह वाटताना आधी लाल पेशींना देतं, मेंदू आणि स्नायू नंतर रांगेत. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट छान दिसत असतानाही साठा कमी असू शकतो, आणि मेंदूच्या वायरिंगवर जे आवरण चढतं, आठवणीचा जो भाग वाढत असतो, त्या सगळ्याला त्या महिन्यांत लोह लागतं. घाबरवत नाहीये. एक महिना गोळी चुकली म्हणून बाळाला काही होतं असं म्हणायला कसलाच आधार नाही, आणि हा महिना मधला होता, शेवटचा नव्हता. गोळीतलं फोलिक ॲसिड चुकलं ही भीती मनात असेल तर तीही सोड, ते ज्यासाठी मुख्यतः लागतं ती बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, ते कधीच पार पडलंय.

बाळ मोठं होतं यावर: गोळीने बाळ राक्षसासारखं वाढत नाही. कमी वजनाची बाळं होण्याची शक्यता थोडी घटते, एवढाच काय तो फरक, आणि आमच्या वॉर्डात विचाराल तर तो पाहिजेच आहे. भलतं मोठं बाळ होण्यामागे बऱ्याचदा आईची साखर असते.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. डिलिव्हरी नीट झाली आणि बाळ रडलं तर नाळ लगेच कापू नका असं आधीच सांगून ठेव, निदान एक मिनिट, तीनपर्यंत थांबले तर अजून चांगलं. तेवढ्यात वारेतलं ८० ते १०० मिली रक्त बाळाकडे जातं, त्यातलं लोह पुढचे कित्येक महिने पुरतं. थोडी कावीळ वाढू शकते, काही बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं, पण त्यावर लक्ष ठेवता येतं. आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना एचबी दहाच्या आसपास उतरतं, तेव्हा रडत इथे येऊ नकोस. जन्मतः जास्तीच्या पेशी असतात त्या मोडतात आणि त्यातलं लोह साठ्यात जमा होतं, तेच बाळ पुढे वापरतं. आईच्या दुधात लोह फार कमी असतं पण जे असतं ते छान पचतं, आणि आईने कितीही गोळ्या घेतल्या तरी दुधातलं लोह वाढत नाही. भरलेला साठा चार ते सहा महिने पुरतो, पुढे वरच्या अन्नातून किंवा बाळाच्या डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांतून. वजन कमी असलेल्या किंवा लवकर आलेल्या बाळांना थेंब फार लवकर, पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करतात.

पण ससा, या सगळ्यापेक्षा मला खटकलं ते तुझं 'हो'. त्यावर झोप काढून येऊन लिहिते.

---

अर्धवट_चंद्र

निळा ॲप्रन झोपल्यात तोवर मी लिहितो, कारण त्या 'हो'चं उलटं उदाहरण आमच्या घरात झालंय. माझी बायको खरंच रोज न चुकता गोळी घेत होती, मी स्वतः द्यायचो, तरी एचबी ढिम्म हलेना. डॉक्टरांनी तिलाच दोनदा विचारलं नक्की घेताय ना, ती रडली. मग कुणीतरी रिपोर्ट नीट बघितला, लाल पेशींचा आकार फारच लहान, पण फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, चांगलं. एचपीएलसी नावाची तपासणी केली तर तिला थॅलेसिमिया मायनर निघाला, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची ती नुसती वाहक. तिला त्याचा कधी काही त्रासच नव्हता. मग माझीही तपासणी झाली, कारण दोघांनाही असेल तर प्रत्येक बाळाला मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, असण्याची शक्यता चारात एक. मी निघालो नाही, पण ते चार दिवस जे काही गेले ते गेले.

सांगायचं काय तर गोळी घेऊनही एचबी वाढत नाही हे वाक्य ऐकलं की डॉक्टर वेगळ्या रस्त्याने विचार करायला लागतात. थॅलेसिमिया, बी-१२, कुठे आत रक्त जातंय का, काही इन्फेक्शन आहे का. तुमच्या केसमध्ये त्या बिचाऱ्या नसलेल्या कोड्याचं उत्तर शोधतायत.

---

निळा_ॲप्रन

उठले. चंद्र यांनी माझं निम्मं काम केलं.

गोळी नीट लागू पडत असेल तर दोन ते चार आठवड्यांत एचबी एकाने तरी वाढायला हवं, या हिशेबावर पुढचे सगळे निर्णय बसतात. नाही वाढलं तर शिरेतून आयर्न. ते काही वाईट नाही, पहिल्या तिमाहीनंतर देतात, ज्यांना गोळी पचतच नाही किंवा दिवस कमी उरलेत त्यांच्यासाठी फार कामाचं आहे, पण सुई, सलाईन, देखरेख, क्वचित रिॲक्शन, हे सगळं तू एका शब्दावरून अंगावर घेतेयस. ओरडतील म्हणतेस ना, मी पंधरा वर्षं या बाजूला उभी आहे, 'गोळी घेववत नाही' हे आम्ही दिवसातून पाच वेळा ऐकतो आणि आम्हाला राग नाही येत, बरं वाटतं, कारण मग काय करायचं ते माहीत असतं. आजच फोन कर. आणि फेरिटिन करून घे, एचबी नुसतं पाकिटातले सुटे पैसे सांगतं, फेरिटिन बँकेतलं खातं. गरोदरपणात ते ३०च्या खाली असलं की साठा संपत आलाय असं बहुतेक ठिकाणी धरतात. मात्र अंगात ताप किंवा इन्फेक्शन असेल तर ते खोटं खोटं वर दिसतं, एवढं लक्षात ठेव.

---

घाबरट_ससा

केला फोन. हात थरथरत होते. खरं सांगायचं तर महिनाभर पण नव्हतं, मोजलं तर सात आठवडे निघाले, इथेपण मी कमीच करून सांगितलं होतं बघा. डॉक्टर दोन सेकंद गप्प झाल्या आणि म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस, आता तुला सलाईनची गरज आत्ताच नाही. एवढंच! मी या एवढ्यासाठी तीन रात्री जागले.

फेरिटिन ९ आलंय. बी-१२ ठीक आहे, पेशींचा आकार लहान आहे पण आधीचे जुने रिपोर्ट काढून बघितले तर तेव्हा नॉर्मल होता म्हणून हे आयर्नचंच आहे असं त्या म्हणाल्या. गोळी बदललीये, मात्रा आधीपेक्षा कमी आहे, रात्री घ्यायची, कॅल्शियम दुपारी, चहा फक्त सकाळी आणि संध्याकाळी. चार आठवड्यांनी परत तपासायचं, नाही वाढलं तर मग सलाईन. नवऱ्यालाही सांगितलं, तो म्हणाला मला वाटलंच होतं, पाकीट जाडच्या जाड दिसायचं. म्हणजे दिसत होतं तर बोलायचं ना रे.

औषधवाला दादा, एका मैत्रिणीने सांगितलं की एक दिवसाआड घेतली तरी चालते, ते तुमच्या त्या हेपसिडिनमुळेच का?

---

औषधवाला_दादा

हो, त्याच्यामुळेच. स्वित्झर्लंडमध्ये यावर चांगलं काम झालंय, एक दिवसाआड दिल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं गेलं असं दिसलं. पण त्या बायका गरोदर नव्हत्या, लोह कमी असलेल्या तरुण बायका होत्या. गरोदरपणात गरज एवढी मोठी असते, अख्ख्या नऊ महिन्यांत साधारण १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं आणि तेही बरंचसं उत्तरार्धात, की तुमच्यासारख्या ९ फेरिटिनवर आणि उरलेल्या दहा-अकरा आठवड्यांत हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. रोजची पचली तर रोजचीच. नाहीच पचली तर मात्र हा पर्याय डॉक्टरांसमोर जरूर ठेवा, काहीच न घेण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

आणि आकडा ११ च्या वर गेला की गोळी लगेच सोडू नका, सगळे इथेच फसतात. एचबी आधी भरतं, साठा नंतर. नॉर्मल झाल्यावरही तीन महिने चालू ठेवतात, बाळंतपणानंतर सहा आठवडे तरी.

---

घाबरट_ससा

आज जे झालं त्यानंतर हात अजून थंड आहेत. सकाळी मी आंघोळीला गेले होते, बाहेर आले तर लेक स्टूलवर चढून फ्रिजवरचं ते जुनं पाकीट काढून बसली होती, लाल गोळ्या आहेत ना, खाऊ समजून. एक फोडून हातात होती, तोंडात नव्हती, मी मोजल्या, सगळ्या भरल्या. एक-दोन खाल्ल्या असत्या तर काही झालं असतं का? सासूबाई म्हणाल्या ताकदीची गोळी आहे, काय होतंय.

---

निळा_ॲप्रन

देवाची कृपा. आणि सासूबाईंना आज नीट बसवून समजाव, हे मी या धाग्यावरच्या प्रत्येकीसाठी लिहितेय.

मोठ्या माणसासाठी ताकदीची असलेली गोळी लहान मुलासाठी विष आहे. किलोमागे २० मिलिग्रॅम खऱ्या लोहापासून पोटाचा त्रास सुरू होतो आणि ६०च्या वर जीवावर बेततं. बारा किलोच्या मुलासाठी ६० मिलिग्रॅमच्या बारा गोळ्या म्हणजे तो आकडा झाला, आणि गोळी १०० मिलिग्रॅमची असेल तर सात-आठच पुरतात. एक-दोन पोटात गेल्या असत्या तर बहुधा निभावलं असतं, पण किती गेल्या हे नक्की कुणाला माहीत असतं? अमेरिकेत एके काळी सहा वर्षांखालच्या मुलांच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंमध्ये आयर्नच्या गोळ्या सगळ्यात वर होत्या, आणि घरात बहुतेक वेळा कारण हेच, आई गरोदर, घरात लाल गोळ्या, आणि एक लहान भावंड.

यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे मधली शांतता. आधी उलट्या, जुलाब, कधी रक्त, मग सहा तासांनंतर मूल बरं वाटायला लागतं, खेळतं, सगळ्यांना वाटतं टळलं, आणि आत लोह लिव्हरवर आणि हृदयावर काम करत असतं. म्हणून मूल बरं दिसतंय म्हणून घरी थांबायचं नाही. गोळ्या गेल्याचा नुसता संशय असला तरी पाकीट हातात घेऊन थेट हॉस्पिटल, घरी बळंच उलटी करवायची नाही. विषबाधेत कोळशाची पावडर देतात ती इथे कामाची नाही, लोह तिला चिकटत नाही, वेगळं औषध लागतं, ते हॉस्पिटलातच.

फ्रिजवर म्हणजे मुलांच्या हाताबाहेर असं सगळ्यांना वाटतं. स्टूल असतं घरात. कुलूप असलेलं कपाट, आणि जुनी पाकिटं आजच दुकानात परत नेऊन दे किंवा नष्ट कर.

---

स्पष्टवक्ती

हे मला माहीत नव्हतं. मी माझ्या पर्समध्ये ठेवते, नातू येतो तेव्हा पर्स खालीच असते. उठून आत्ता वर ठेवून आले. गोळ्यांबद्दल मी जे वर लिहिलं त्यावर नंतर बोलू.

---

रातराणी

स्पष्टवक्ती काकू, म्हणजे तुम्ही स्वतः घेता?? 😀

---

स्पष्टवक्ती

माझी वेगळी आहे. डॉक्टरांनी दिलीये.

---

घाबरट_ससा

धागा वर काढतेय. चार आठवडे झाले, एचबी १०.७! सलाईन टळलं, डॉक्टर म्हणाल्या असंच चालू ठेव. चार आठवड्यांत तीन गोळ्या चुकल्या आणि तिन्ही मी आकड्यासकट सांगितल्या. पोटाचं पूर्ण बरं नाही पण दोन दिवसाआड तरी सुटका आहे. शी काळीकुट्ट होते ते बघून पहिल्यांदा परत घाबरले होते, मग रातराणीचं वाक्य आठवलं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की नुसती काळी-हिरवट असेल तर गोळीमुळे, पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल आणि चक्कर येत असेल तर लगेच यायचं.

नाळेचंही विचारलं. त्या म्हणाल्या बाळ ठीक असेल तर आम्ही थांबतोच, तरी माझ्यासमोर फाइलवर लिहिलं.

कपाटाला कुलूप लावलंय, किल्ली नवऱ्याकडे. रोज रात्री झोपताना तो कुलूप उघडतो, मला एक गोळी देतो आणि परत लावतो, आणि लेक पलंगावर उभी राहून विचारते, बाबा, आईलाच का रोज, मला कधी?